शाबदानच्या तळावरची दुहेरी पत्रं

१

बारा पाहुणे यायचे होते, आले सहाच.

शाबदानने सरोवराकाठच्या आपल्या पर्यटक-तळावर त्यांच्यासाठी दोन मेंढ्या कापल्या होत्या, चार यर्टचे, म्हणजे गोल तंबूंचे, लोकरी नमदे झटकून ताणून बसवले होते आणि जागा नाही म्हणून एका फ्रेंच जोडप्याला नकार कळवला होता. सहा जर्मन गाडीतून उतरले, पोटभर जेवले, आणि त्यांच्यातल्या एका बाईने अगदी सभ्यपणे विचारलं की एवढं मटण आणखी कोणासाठी शिजवलंय. संध्याकाळी शाबदान सरोवराच्या काठाने फिरायला गेला, तर ते फ्रेंच जोडपं शेजारच्या बाकासच्या तळावर मजेत घोडीच्या दुधाचं कुमिस पीत बसलेलं. बाकासने लांबूनच हात हलवला. शाबदानला तो हात खांद्यापासून उपटावासा वाटला.

"कोणीतरी माझ्या मुळावर उठलंय," त्याने फोनवर मेहुणीला सांगितलं. "एकाच माणसाचं पत्र मला दोनदा येतं. एकदा या ईमेलवर, एकदा त्या. मी दोन पार्ट्या समजून बसतो. आख्खा हंगाम हेच चाललंय. तू ये."

"ईमेल बिघडलं तर मेकॅनिक बोलवा, भाऊजी. मी चोर पकडायची."

"मग चोरच आहे. ये तू."

रायकान काराकोलच्या पोलिसांत तपास अधिकारी होती. आता निवृत्त झाली होती. गुडघे कुरकुरत होते, जीभ मात्र शाबूत होती. शाबदानची बायको म्हणजे तिची थोरली बहीण. ती गेल्यापासून रायकानचं तोसोरला, त्याच्या गावी, येणं कमी झालं होतं. त्या घरात पाऊल टाकलं की तिला दोन माणसं आठवत, आणि त्यातल्या एकाचं नाव तिथे घ्यायची सोय नव्हती.

ते नाव एर्मेक. शाबदानचा एकुलता एक मुलगा. तीन वर्षांपूर्वी तो रशियात बांधकामावर गेला. आई गेली तेव्हा आला नाही, तिच्या कबरीवर मूठभर माती टाकायलासुद्धा नाही. पुढे केव्हातरी त्याचा फोन आला, तर शाबदानने काही ऐकून न घेताच सांगितलं, "तुझी आई तुझी वाट बघत गेली. आम्ही आता कोणाची वाट बघत नाही." त्यानंतर दोन हिवाळे गेले. फोन नाही, निरोप नाही, जिवंत आहे की नाही हे कळायलाही मार्ग नाही. त्याचं नाव घरात काढायचं नाही असं शाबदानने बजावून ठेवलं होतं. मागे राहिली सून बुरुल आणि तिची छोटी आयदाय. बुरुल वाट बघत होती, पण बघते आहे असं म्हणायची तिला चोरी होती.

"आणि चोर कोण ते मला ठाऊक आहे," फोन ठेवता ठेवता शाबदान म्हणाला. "तळाचा फोन तिच्याच हातात असतो. तू फक्त सिद्ध कर. मग मीच तिला नारिनला तिच्या आईकडे पोचवून येतो."

२

रायकान मिनीबसने आली. बुरुलने जेवणाचं दस्तरखान पसरलं, त्यावर पिठाचे तळलेले बोरसोक ओतले, जर्दाळूचा मुरंबा ठेवला. अर्धा भरलेला चहाचा कप उजव्या हाताने पुढे केला, डावा हात छातीशी. नजर वर केली नाही.

"तुला दोन ओळींचं पत्र टाकलं होतं आधी," शाबदान कुरकुरला. "तेही परत आलं. असा पत्ताच नाही म्हणे."

"कोणत्या पत्त्यावर? जुन्या? तो मेला, भाऊजी. वर्षभर उघडला नाही म्हणून कंपनीने बंद करून टाकला. मला विचारलंसुद्धा नाही."

"बरंच झालं. त्यावरून मला फक्त टोमणेच यायचे."

"ते प्रत्यक्ष आणलेत या वेळी. द्या फोन."

दोन फोन तिच्यापुढे आले. एक तळाचा. रस्त्यावरच्या पाटीवर जो पत्ता रंगवला होता त्या खात्याची पत्रं त्यात येत. ते खातं बुरुलने उघडलं होतं, कारण शाबदानला इंग्रजी येत नसे. दुसरा शाबदानच्या खिशातला, त्यात त्याचं स्वतःचं जुनं खातं. पाहुण्याचं पत्र आधी तळाच्या फोनवर येई, बुरुल ते सरळ घरगुती भाषेत सासऱ्याला सांगे. आणि तेच पत्र शाबदानच्या खिशातही वाजे. तिकडे मोबाईल त्याचं तोडकंमोडकं भाषांतर करून देई. परक्या नावांचा गोंधळ, तारखा त्याच, माणसं तेवढीच. शाबदान खूश होऊन दुप्पट तयारीला लागे.

"तुला विचारलं नाही का यांनी?" रायकानने बुरुलला विचारलं.

"मी बायकामाणसांना विचारून मेंढ्या कापत नाही," शाबदान मध्येच बोलला.

बुरुल मान खाली घालून चहा ओतत राहिली. रायकानला ते खटकलं. सून धाकात असते हे खरं, पण मेंढ्या फुकट जाताहेत हे दिसत असताना बुरुलसारखी चटपटीत मुलगी तोंड उघडत नाही म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

ती चष्मा लावून दोन्ही फोन चाळत बसली. पाहुण्यांची पत्रं दुहेरी होतीच. पण लॉटरीत मोटार लागल्याचं पत्रही दुहेरी होतं. फुकट सिमेंटच्या नमुन्याचं होतं. टकलावर केस उगवायच्या तेलाची जाहिरात तर आठवड्याला येत होती, तीही दोनदा.

"भाऊजी, तुमच्या मुळावर उठलेला माणूस तुम्हाला हे तेल कशाला पाठवेल?"

शाबदानचा हात नकळत डोक्यावरच्या कालपाक टोपीकडे गेला. "चिडवायला," तो म्हणाला.

रायकान हसली, पण तिच्या मनाने एक गोष्ट नोंदली. ज्याला खोडी काढायची असते तो निवड करतो. इथे कोणी निवड करत नव्हतं. जे येईल ते सगळंच्या सगळं पुढे जात होतं.

३

तरी तिने रीतसर सगळ्यांना विचारायचं ठरवलं. पहिला संशय बिश्केकच्या लरीसावर होता. लरीसा पर्यटकांचे गट पाठवायची. पाटीवर पत्ता रंगवून शाबदान परस्पर गिऱ्हाईकं घ्यायला लागल्यापासून ती नाराज होती.

"नाराज आहेच मी," लरीसा फोनवर म्हणाली. "म्हणून काय पत्रांच्या नकला काढत बसू? मला दुसरे उद्योग नाहीत का? तुमचा म्हातारा एका पत्राला उत्तर देत नाही, दोन कशाला पाठवू?"

"एक आत्ता पाठव. जुन्या खात्यावर, नेहमीसारखं."

लरीसाने पाठवलं. शाबदानच्या खिशात ते एकदाच वाजलं. रायकानने मागची पत्रं तपासली. लरीसाचं एकही पत्र दुहेरी नव्हतं. म्हणजे जुन्या खात्यावर थेट येणारं पत्र सरळ होतं. तळाच्या खात्यावर येणारं तेवढं दुसरी फेरी मारत होतं. गळती तळाच्या खात्यातच होती.

"मग तो बाकास," शाबदान म्हणाला. "त्याला माझे सगळे पासवर्ड माहीत आहेत."

"त्याचा पासवर्ड सरोवरातल्या माशांनासुद्धा माहीत आहे," बाकास नंतर म्हणाला. रायकान त्याच्या तळावर जाऊन बसली होती आणि त्याने कुमिसचा वाडगा तिच्या हातात दिला होता. "मेलेल्या घोड्याचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. फोन उघडताना ओरडून म्हणतो. माझ्या बायकोने पाठ केलाय."

"गिऱ्हाईकं मात्र तुझ्याकडे आली."

"येणारच. त्याने हाकलली, मी बसवली. यात गुन्हा कोणता, आपा?" बाकास मनापासून हसला, मग गंभीर झाला. "खरं सांगू? उन्हाळा लागल्यापासून मी घोड्या घेऊन वर कुरणात होतो. तिथे फोनला रेंज नाही, देव आठवतो फक्त. परवा उतरलो. विचारा कोणालाही."

रायकानने आणखी दोघांना विचारलं, खरंच तसं होतं. आणि बाकास वर असताना पत्रं खाली बिनचूक दोनदा येत होती. बाकास सुटला. ती उठायला लागली तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "उतरल्यापासून एक बघितलंय मी. म्हाताऱ्याला सांगू नका. पत्र आलं की तळाचा फोन वाजतो, होय ना? तेव्हा बुरुल त्या फोनकडे बघत नाही. ती म्हाताऱ्याच्या खिशाकडे बघते. तो वाजेपर्यंत तिचा श्वास अडकलेला असतो."

४

रायकानने तळाच्या खात्याच्या सेटिंगमध्ये शिरून बघितलं. येणारं प्रत्येक पत्र आपोआप दुसऱ्या एका खात्यावर फॉरवर्ड होत होतं. ते दुसरं खातं शाबदानचं नव्हतं. फोनमध्ये त्या पत्त्याला नाव दिलं होतं, "आयदायचे बाबा".

तिला आणखी काही शोधायची गरजच नव्हती. बाकासने लिहिलं असतं तर नाव लिहिलं असतं. लरीसाने आडनाव लिहिलं असतं. शाबदानने लिहिलंच नसतं. इथल्या सुना सासऱ्याचं नाव घेत नाहीत, नवऱ्याचंही घेत नाहीत. आणि बुरुल इतकी जपणारी, की जे तोंडाने घ्यायचं नाही ते तिने बोटांनीही लिहिलं नव्हतं.

पत्ता रायकानने लगेच ओळखला. तो पत्ता तिनेच उघडून दिला होता. एर्मेक शाळेसाठी काराकोलला तिच्याकडे राहत होता, तेव्हा दोघांनी शेजारी बसून एकाच ईमेल-कंपनीची खाती उघडली होती. तिला स्वतःचं मूल नव्हतं. तो तिच्याकडे होता ती वर्षं ती मनातल्या मनात आई होती, आणि हे तिने बहिणीलाही कधी सांगितलं नव्हतं.

बुरुल बाहेर कढईत बोरसोक तळत होती.

"कधीपासून पाठवतेस?"

झारा थांबला. बुरुलने कोणती पत्रं, कोणाला, असलं काही विचारलं नाही. "हिवाळ्यापासून."

"तुला बंदी होती."

"नाव काढायची होती, लिहायची होती. मी एक अक्षर लिहिलं नाही, आपा. फक्त दार उघडं ठेवलं. घरी येतंय ते त्यांच्याकडे जाऊ दे म्हटलं. पाहुणे येताहेत, जर्दाळू कसे आहेत विचारताहेत, कुणी आयदायचं कौतुक करतंय. घर चालू आहे एवढं त्यांना कळलं तरी पुरे." तिने तळलेले बोरसोक काढून ठेवले. "ती सेटिंग लावताना फोनने सांगितलं की समोरच्याच्या खात्यावर एक आकडा जाईल, तो इथे घातला तरच चालू होईल. मी म्हटलं, संपलं. ते कशाला आकडा देतील? तर दुसऱ्या क्षणी तो आकडा बाबांच्या फोनवर आला. त्यांनी पाठवला, आपा! बोलले नाहीत, पण पाठवला. आणि तेव्हापासून मी पाठवते ते प्रत्येक पत्र ते परत पाठवतात. वाचलं म्हणून सांगतात."

"म्हणून म्हाताऱ्याला मेंढ्या कापू दिल्यास."

"सांगितलं असतं तर बंद करावं लागलं असतं." बुरुलने पहिल्यांदाच वर बघितलं. तिच्या डोळ्यांत इतका आनंद होता की रायकानला बघवेना. "मला नारिनला पाठवलं तरी चालेल. तो फोन तेवढा माझ्याकडे राहू दे."

रायकानने आयुष्यभर खोटं बोलणाऱ्यांकडून खरं काढून घेतलं होतं. या मुलीला खरं सांगायची पाळी यावी याचा तिला राग आला. कारण तिला आत्ता एक साधी शंका आली होती, आणि ती खरी निघू नये असं तिला मनापासून वाटत होतं.

५

दोन्ही फोन दस्तरखानावर शेजारी ठेवले. शाबदानला बोलावून सगळं सांगितलं. तो लालबुंद झाला, तोंड उघडलं, आणि सुनेकडे बघून मिटलं.

"आता मी माझ्या फोनवरून तळाच्या खात्यावर पत्र टाकते," रायकान म्हणाली. "बघा."

तळाचा फोन वाजला. तिने बोट उचलायच्या आत शाबदानचाही वाजला.

तिने पुन्हा पाठवलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदाही.

"वाचायचं सोड, बुरुल, डोळे उघडायलासुद्धा एवढा वेळ लागतो. माणूस असं करत नाही. झोपतो, कामावर जातो, जेवतो." मग ती शाबदानकडे वळली. "भाऊजी, पाटीवरचा पत्ता नव्हता तेव्हा पाहुण्यांची पत्रं कुठे यायची?"

"त्याच्याकडे."

"आणि तो रशियात गेल्यावर?"

शाबदानने कालपाक काढून पुन्हा घातला. "माझ्याकडे. जायच्या आदल्या दिवशी बसून काहीतरी करून गेला होता. म्हणाला, बाबा, माझ्या पत्त्यावर जे येईल ते आपोआप तुमच्याकडे येईल, तुम्हाला काही करावं लागणार नाही."

मग सांगायचं काही उरलं नाही. तळाच्या खात्यावरून पत्र एर्मेकच्या खात्यावर जात होतं, आणि त्याने जाताना लावलेल्या सेटिंगमुळे तिथून बापाच्या खिशात येत होतं. दोन्हीकडे यंत्रच. घरातल्या दोन माणसांनी एकमेकांना न सांगता एकेक दार उघडं ठेवलं होतं आणि मधून वारा फिरत होता.

"आणि तो आकडा?" बुरुलने विचारलं.

"तोही तसाच आला, पोरी."

बुरुल उठली. मग तिने कप गोळा केले, धुतले, पालथे घातले. यर्टमध्ये गेली आणि आयदायचे कपडे घडी करून पिशवीत भरायला लागली.

शाबदान दारात जाऊन उभा राहिला. "मी बोललो ते रागात बोललो ग," तो म्हणाला. "कोणी पाठवत नाही तुला."

"तुमच्यामुळे नाही जात, बाबा. मी ज्यांच्यासाठी बसले होते तिथे कोणी नव्हतंच. मग मी इथे कोण?"

६

रायकान काठावर जाऊन दगडावर बसली. सरोवर शांत होतं, पलीकडचे डोंगर अर्धे ढगात. पोलिसांत असताना असं प्रकरण उकललं असतं तर तिने चहा मागवला असता. इथे तिने एका बाईच्या हातातलं सगळं काढून घेतलं होतं आणि त्याचं कारण फक्त एवढंच, की ते खोटं होतं.

शाबदान मागून आला. "तुला दुरुस्त करायला बोलावलं होतं. बंद कर मग ते आता. एकदाचं."

"करते. तुमच्या मुलाचं खातं..." ती बोलता बोलता थांबली.

"काय झालं?"

"माझा पत्ता कधी मेला, भाऊजी?"

"आता तुझ्या पत्त्याचं काय मध्येच?"

"वर्षभर उघडला नाही म्हणून मेला! आणि त्याचा पत्ता त्याच कंपनीचा आहे, मीच उघडून दिलेला." ती उठली, गुडघ्यांनी तक्रार केली, तिने ऐकली नाही. "बुरुल! ए बुरुल! पिशवी ठेव खाली!"

यर्टच्या दारात धापा टाकत ती उभी राहिली. "ऐक नीट. पत्रं परत पाठवतं ते यंत्र आहे, हे खरं. पण ज्या खात्यात ते यंत्र आहे ते खातं चालू आहे. ती कंपनी वर्षभर न उघडलेलं खातं ठेवत नाही. माझं ठेवलं नाही, याचं का ठेवेल? दोन हिवाळे झाले त्याचा आवाज ऐकून. तो नसता, किंवा त्याने ते खातं टाकून दिलं असतं, तर यंत्रही केव्हाच बंद पडलं असतं. तू पाठवलेलं पत्र माझ्या पत्त्यावरच्या पत्रासारखं 'असा पत्ता नाही' म्हणून परत आलं असतं. कोणीतरी ते खातं या वर्षात उघडलंय."

बुरुलच्या हातातला छोटासा फ्रॉक तसाच राहिला. "दुसऱ्याच कोणी उघडलं असेल तर? त्यांचा फोन कोणाच्या हातात पडला असेल तर?"

"असू शकतं," रायकान म्हणाली. आज दुसऱ्यांदा तिला फसवायचं नव्हतं. "ते मला इथून सांगता येणार नाही. त्यालाच विचारावं लागेल."

बुरुलने सासऱ्याकडे बघितलं नाही, रायकाननेही नाही. बंदी त्याची होती. शाबदान खाली बसला, नमद्यावरची नक्षी बोटाने चाचपत राहिला. तो वाचत असेल आणि तरी लिहीत नसेल, तर का, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते वाक्य त्याने स्वतःच फोनवर म्हटलं होतं.

"एर्मेकला लिही," तो म्हणाला.

दोन हिवाळ्यांनंतर त्या घरात ते नाव उच्चारलं गेलं, आणि ते म्हणताना म्हाताऱ्याचा आवाज फाटला.

७

बुरुलने पत्र छोटंच लिहिलं. "आयदायचे बाबा, हे तुम्ही वाचत असाल तर एक करा. तुमच्याकडून बाबांच्या फोनवर जे आपोआप येतं ते बंद करा. लिहायला जमत नसेल तर लिहू नका. एवढं केलंत तरी आम्हाला कळेल." शाबदानने घसा साफ करून सांगितलं, "लिही, बाबा वाट बघताहेत." तिने तेही लिहिलं.

पाठवल्याबरोबर ते शाबदानच्या खिशात वाजलं. सुनेने नवऱ्याला लिहिलेलं पत्र सासऱ्याच्या खिशात! म्हातारा कानापर्यंत लाल झाला आणि फोन न बघताच पालथा ठेवून चालता झाला. रायकान पोट धरून हसली. बुरुलही हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

मग वाट बघणं सुरू झालं, आणि तेही उलटं. सगळं जग पत्र यावं म्हणून वाट बघतं, ही तीन माणसं न यावं म्हणून बघत होती. तळाचा फोन वाजला की हातातलं काम थांबे. मग शाबदानचा वाजे. तो मान हलवे आणि पुन्हा कामाला लागे. पाहुणे येत, जेवत, फोटो काढून जात. तेलाची जाहिरात दोनदा येई. बुरुलने पिशवी उलगडली नाही आणि पुन्हा भरलीही नाही. ती तशीच कोपऱ्यात होती, आणि रायकानला तिच्याकडे बघायची भीती वाटे. दोन दिवसांसाठी आलेली रायकान काराकोलला परतायचं नाव काढत नव्हती.

जर्दाळू पिकले. ते फोडून वाळत घालायला सगळे अंगणात बसले होते, कापडावर नारिंगी पसारा पडला होता. तळाचा फोन वाजला. बुरुलने चिकट बोटाने बघितलं. "हॉलंडची माणसं. चौघं. पुढच्या आठवड्यात."

शाबदानचा फोन त्याच्यासमोर कापडावर होता. तिघांनी त्याच्याकडे बघितलं. तो वाजला नाही.

"बॅटरी बघा," रायकान म्हणाली. बॅटरी होती. रेंज होती. तिने लरीसाला फोन करून जुन्या खात्यावर काहीतरी पाठवायला लावलं, आणि ते वाजलं तेव्हा बुरुल अशी दचकली की तिच्या हातातली सुरी पडली. पण ते लरीसाचं होतं. फोन ठीक होता. मग रायकानने स्वतः एर्मेकच्या पत्त्यावर थेट दोन शब्द टाकले. खातं बंद झालं असतं तर ते परत आलं असतं. परत आलं नाही. शाबदानच्या फोनवरही आलं नाही. ते जिथे जायचं तिथे गेलं आणि तिथेच राहिलं.

"खातं चालू आहे," रायकान म्हणाली. आयुष्यात किती अहवाल तिने तोंडी दिले होते, पण आवाज असा कधी कापला नव्हता. "सेटिंग बंद केलीय. ते आपोआप होत नाही, आत जाऊन हाताने करावं लागतं. आणि परक्या माणसाला ते करायचं कारण नाही. ते तू फक्त एकाला सांगितलं होतंस."

ज्या म्हाताऱ्याने एकाची दोन पत्रं का येतात म्हणून सगळा हंगाम डोकं पिकवलं होतं, तो आता मुका फोन दोन्ही हातांत धरून बसला होता. चेहरा ओला झाला होता आणि पुसायचं त्याला भान नव्हतं. तरी त्याने एकदा विचारलंच, "आलं का ग? तू बघ बरं, माझा चष्मा नाही."

बुरुलने फोन त्याच्या हातातून घेतला आणि बराच वेळ बघितला.

"नाही आलं, बाबा," ती म्हणाली. "आहेत ते."